पऱ्हाटीकडे निघालेल्या अळ्या

मेलेल्या जिवापाशी सगळ्यात आधी कोण पोचतं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, नातेवाईक नाही, माशी. नातेवाईकांना आधी फोन लागावा लागतो, मग गाडी मिळावी लागते, मग तिथे गेल्यावर कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही हे ठरवावं लागतं. निळसर हिरवी चकचकीत माशी यातलं काहीच करत नाही. जीव गेला की थोड्याच वेळात ती हजर होते आणि डोळे, नाक, तोंड, जखम असा ओला कोपरा बघून अंडी घालायला लागते. हे मी एकदा एका बारशाच्या जेवणात, वांग्याची भाजी वाढून घेताना सांगितलं. तेव्हापासून आमच्या नात्यात मला आमंत्रण येतं, पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

मी घाटंजीला राहते आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पीएचडीसाठी मी विषय घेतला होता, मेलेल्या जनावरावर कोणते किडे कधी येतात. पुस्तकांत याचं सगळं वेळापत्रक आहे, पण ते थंड मुलखातल्या डुकरांवरून बांधलेलं. आपल्या यवतमाळच्या उन्हात, आपल्या काळ्या मातीवर तेच काम किती झपाट्यानं होतं, हे कुणी धड बघितलेलं नव्हतं. ते कळलं, तर नाल्यात किंवा जंगलात एखादा माणूस सापडल्यावर अंगावरच्या किड्यांवरून तो कधी गेला हे सांगता येतं. इतका उपयोगाचा विषय! पण माझ्या आईनं तो ऐकून एवढंच विचारलं, "फुलपाखरायचं काही नव्हतं का?"

पहिलं जनावर मी कॉलेजामागच्या मैदानात ठेवलं. ते कुत्र्यांनी ओढून नेलं आणि त्यातली एक तंगडी प्राचार्यांच्या फाटकापाशी सापडली. दुसऱ्यांदा शहाणपण करून घराच्या गच्चीवर एक कोंबडी ठेवली. वारा शेजाऱ्यांकडे वाहत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही, शेजाऱ्यांच्या मात्र लगेच आलं. त्यानंतर अमरावतीहून माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. नोंदणीची मुदत संपत आली आहे, या हंगामात एक जनावर ताज्यापासून हाडांपर्यंत, मध्ये खंड न पडता बघून द्या, नाहीतर विषय बंद करावा लागेल, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. शांतपणे सांगितलं की मला जास्त भीती वाटते. इतक्या वर्षांची माझी खटपट आता एका बकरीवर येऊन ठेपली होती, आणि ती बकरी अजून मेलेलीसुद्धा नव्हती.

जागेसाठी मी सासऱ्यांकडे गेले. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. घाटंजीपासून स्कुटीनं अर्ध्या तासावर गावात त्यांचं घर आणि वावर आहे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात, शहरात या म्हटलं की पाठ फिरवतात. उभा जन्म कापूस लावला त्यांनी. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची प्रजा आहे, एक कापूस लावणारी आणि दुसरी तो खाणारी. दुसऱ्या प्रजेचं एकच नाव, अळी. बोंडअळीनं एका साली त्यांचं सगळं वावर पोकळ केलं होतं. वरून बोंड हिरवंगार, आणि फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडका कापूस. तेव्हापासून पाठीवर फवारणीचा पंप नसला तर त्यांना खांदे मोकळे मोकळे वाटतात.

मी विषय समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "म्हंजे बकरी मरू द्याची, सडू द्याची, अन् आपन बसून पाहाचं?"

"हो."

"अन् याचे सरकार पगार देते?"

"याचे नाही देत, मामाजी. शिकवायचे देते."

"मंग ठीक आहे," म्हणाले. "नाल्याकडचा कोपरा घे. तेथी काही पिकत नाही."

कुत्र्यांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी पिंजरा करून घ्यायला घाटंजीतल्या वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेले. लांबी, रुंदी, उंची सांगितली. त्यांनी विचारलं, मुर्गी के लिए? मी म्हटलं, नाही, मेलेल्या बकरीसाठी. चाचांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मरी हुई बकरी भाग के किधर जाएगी, मॅडम?" पिंजरा मात्र त्यांनी झकास केला, वर कडीसुद्धा लावून दिली. का, ते मी विचारलं नाही.

आता बकरी. मी गावात घरोघरी सांगून ठेवलं की कुणाची बकरी आपल्या मौतीनं मेली तर मला कळवा. हे सांगायची एक पद्धत असते आणि ती मला येत नाही. दोन दिवसांत अशी स्थिती आली की माझी स्कुटी वेशीत शिरली की बाया बकऱ्या घरात घ्यायच्या. एका मावशींनी तर माझ्यादेखत आपल्या पाठीवरून मीठमोहऱ्या उतरवल्या, स्वतःच्या पाठीवरून नव्हे, गोठ्यातल्या पाठीवरून. पाठ म्हणजे तरुण बकरी. नेमकी तीच पाठ पुढच्या आठवड्यात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चरताना साप चावून मेली. साप चावलेलं जनावर कुणी खात नाही, म्हणून मावशींनी ती मला दिली. देताना माझ्याकडे असं बघितलं की जणू साप मीच पाळलेला होता.

पिंजऱ्यात बकरी ठेवली आणि काम सुरू झालं. रोज कॉलेजाआधी एक फेरी, कॉलेज सुटल्यावर एक. मामाजी पहिल्या दिवशी नाकाला दुपट्टा लावून लांब उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जरा जवळ आले. तिसऱ्या दिवशी वीट घेऊन बसले. मी त्यांना दाखवत होते की पहिल्या अवस्थेत शरीर बाहेरून जसंच्या तसं दिसतं, फक्त माश्या आणि मुंगळे येतात. मग पोटात वायू धरतो, जनावर फुगतं, पाय ताठ होतात आणि माश्यांची झुंबड उडते. मग कातडं फुटतं, अळ्या आतून बाहेरून सगळीकडे होतात आणि वास गावापर्यंत जातो. या अळ्यांचा घोळका इतका तापतो की वर हात धरला तर ऊब लागते. मामाजींनी हात धरून बघितला आणि चुलीवरून काढावा तसा मागे घेतला.

"लग्नातल्या पंगतीसारखंच आहे हे," ते म्हणाले. "पयले मानाचे बसते. मंग घाईचे. मंग सारं गाव."

"आणि हे बघा," मी काडीनं एक काळा भुंगेरा दाखवला, जो शेपटाकडचा भाग विंचवासारखा वर करून पळत होता. "हा बकरीसाठी आलेला नाही. बकरी खायला जे आलेत त्यांना खायला आलाय."

मामाजी खाली वाकून त्याच्याकडे निरखून बघत राहिले. "याले म्या पाह्यलं हाय," म्हणाले. "निवडनुकीत येते हा."

घरी माझी वेगळी लढाई चालू होती. काही अळ्या मी डब्यात वाढवत होते, त्यांची माशी झाल्याशिवाय जात नक्की कळत नाही म्हणून. नवऱ्यानं शेव आहे समजून डबा उघडला. तो मोठ्या मनाचा माणूस आहे, ओरडला नाही, फक्त त्या संध्याकाळपासून माझ्या हातचा कुठलाही डबा आधी कानाशी धरून हलवतो.

आणि मग तो दिवस आला ज्याची मी वाट बघत होते. अळ्यांचं पोट भरलं की त्या खाणं सोडतात. सगळ्याच्या सगळ्या मेलेलं जनावर सोडून बाहेर पडतात आणि कोष करायला मऊ, भुसभुशीत माती शोधत निघतात. त्या कधी निघतात, किती लांब जातात, कुठे पुरून घेतात, यावर माझा अर्धा प्रबंध उभा राहणार होता. मला वाटलं होतं त्या उद्या निघतील. त्या त्याच सकाळी निघाल्या.

मी स्कुटी लावली तेव्हाच काहीतरी चुकलंय असं वाटलं, कारण बकरीचा वास येत नव्हता. दुसराच वास येत होता, ओळखीचा, नाकात झोंबणारा, औषधाचा. पिंजऱ्यापासून पऱ्हाटीच्या पहिल्या तासापर्यंत, म्हणजे कपाशीच्या पहिल्या ओळीपर्यंत, पांढऱ्या अळ्यांचा रुंद पट्टा पडला होता आणि त्यातली एकही हलत नव्हती. बकरी ओलीचिंब होती. भुंगेरे उताणे. माश्यासुद्धा पंख पसरून पडल्या होत्या. आणि पिंजऱ्याच्या पलीकडे मामाजी पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, घामानं डबडबलेले, लढाई जिंकलेल्या चेहऱ्यानं उभे होते.

"वाचवलं बाप्पा," म्हणाले. "फौजच्या फौज निंगाली होती. सरळ पऱ्हाटीत! मी जर नसतो आलो, तं आज सारं वावर गेलं असतं."

मी ओरडले. मी किती ओरडले ते नाल्यापलीकडे गवत कापणाऱ्या बायांनी नंतर सगळ्या गावाला सांगितलं. "मामाजी, त्या मांस खातात! कापूस नाही खात!"

"अळी ते अळी," मामाजी म्हणाले. "तू काय खाते, असं इचारून कोनी फवारते का?"

"माझं सगळं संपलं," मी म्हटलं आणि धुऱ्यावर बसून रडायला लागले. फार राग आला होता मला. त्यांचा, अळ्यांचा, एक दिवस आधी निघाल्या म्हणून, आणि त्या सरांचा, शांतपणे बोलले म्हणून. मामाजींनी पंप उतरवून ठेवला. मुदतीचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं, पण आपल्या पंपाचा आणि माझ्या मुदतीचा काही संबंध आहे हे त्यांच्या आता ध्यानात आलं असावं.

"दुसरी बकरी मरन ना," ते हळूच म्हणाले.

"थंडी पडली की माश्या कमी होतात. आणि मला आता कोण देणार आहे बकरी?"

मी घरी गेले आणि आठवडाभर गावाकडे फिरकले नाही. गावात त्यांचं हसं झालं होतं. म्हातारा मेल्या बकरीवर फवारा मारून आला, आता जित्तीले सलाईन लावन, असं पानठेल्यावर चालू होतं, हे नवऱ्यानं मला सांगितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दिवाळी झाली, आणि लगेच एका दुपारी मामाजी घाटंजीला आमच्या दारात उभे. ते स्वतःहून कधी येत नाहीत. हातात खताचं मोठं पोतं, आणि पोत्याच्या तोंडातून मच्छरदाणीचं टोक बाहेर आलेलं.

"चाल," म्हणाले, "बोकड हाय. सकाळीच गेला."

नंतर हळूहळू सगळं कळलं. माझं जे काम गावभर फिरून मला जमलं नव्हतं, ते त्यांनी घेतलं होतं. ज्या पानठेल्यावर त्यांच्यावर हसत होते तिथेच जाऊन त्यांनी सांगून ठेवलं, मेहुण्याकडे सांगितलं, साडूकडे सांगितलं. बाभुळगावकडे त्यांची बहीण दिलेली आहे. तिच्या घरचा बोकड सकाळी रस्त्यावर गाडीखाली आला, आणि मामाजी दोन दिवसांपासून तिच्याकडेच मुक्कामाला होते, अशाच एखाद्या दुःखद घटनेची वाट बघत. बोकड मेल्याबरोबर त्यांनी तो बहिणीच्या कोऱ्या मच्छरदाणीत गुंडाळला.

"मच्छरदाणीत कशाला?" मी विचारलं.

"म्हंजे? माशी आधीच बसली असती ना! मानाची पंगत बाभुळगावात बसली असती, मंग तू येथी काय लिहिलं असतं?"

त्यांनी माझं सगळं ऐकलं होतं, आणि मला वाटत होतं ते फक्त वास घेत बसतात.

बोकड एसटीनं आला. यवतमाळला गाडी बदलताना कंडक्टरनं पोत्यात काय आहे विचारलं. बोकड, मामाजी म्हणाले. जित्तं जनावर चालत नाही, कंडक्टर म्हणाला. जित्तं नाही, मामाजी म्हणाले. मंग मटन हाय का? मटन बी नाही. मग नेमकं काय आहे, असं कंडक्टरनं विचारल्यावर मामाजींनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मायी सून डॉक्टर होऊन राह्यली, तिच्या परीक्षेचा हाय तो." पुढे घाटंजीपर्यंत त्यांच्या आजूबाजूच्या तीन बाकड्यांवर कुणी बसलं नाही आणि ते पाय लांब करून झोपले.

दुसऱ्या वेळी मामाजी माझ्याआधी वावरात असायचे. कोण आलं, कोण गेलं, याचा मला रोज तोंडी अहवाल. फवारणीचा पंप त्यांनी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवला होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "हात शिवशिवते." थंडी सुरू होत होती, त्यामुळे सगळं सावकाश चाललं होतं, पण चाललं होतं. मी तरीही धास्तावलेलीच होते, कारण खरी परीक्षा अजून व्हायची होती, आणि ती माझी नव्हती.

पऱ्हाटीला तेव्हा कापूस फुटला होता. तासंच्या तासं पांढरी. सकाळचं ऊन जरा वर आलं आणि बोकडाच्या पोटाखालून पहिल्या अळ्या निघाल्या. मग मागून आणखी. मग बघता बघता तोच रुंद पांढरा पट्टा, माती झाकून टाकणारा, सरळ त्याच पहिल्या तासाकडे निघाला. मामाजी विटेवरून उठले. मी अळ्यांकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते. वर्षभराचा कापूस झाडाला लटकत होता आणि तो वेचायला बाया उद्या यायच्या होत्या. त्यांचा उजवा हात पंपाचा दांडा वरखाली करतात तसा आपोआप हलायला लागला होता. अळ्या त्यांच्या पायापाशी आल्या. त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि बाजूला होऊन वाट दिली.

"जा," म्हणाले. "जा बाप्पा. पन वर चढू नका."

वर एकही चढली नाही. झाडाच्या बुंध्याशी मऊ माती बघून एकेक आत शिरत गेली आणि दुपारपर्यंत वरती काही उरलं नाही. मी मोजत होते, मापं घेत होते. मामाजी तासात फिरून बोंडं फोडून बघत होते. पुढचे कित्येक दिवस ते चोरून बोंडं फोडत होते, हे मला माहीत आहे.

त्यानंतर गर्दी ओसरली. उड्या मारणाऱ्या बारीक अळ्या येऊन गेल्या, मग सुकलेलं कातडं कुरतडणारे तपकिरी भुंगेरे आले आणि निवांतपणे काम करत राहिले. शेवटी केस आणि हाडं राहिली. मी सरांना फोन केला. खंड न पडता झालं, म्हटलं. ते बरं म्हणाले, शांतपणेच, पण या वेळी मला तो शांतपणा आवडला.

हाडं गोळा करायला गेले तेव्हा मामाजी सोबत होते. बोकडाची कवटी त्यांनी हातात घेतली, उलटी करून आत बघितलं. एवढीशीही घाण नव्हती.

"इतकं साफ मानसाच्यानं होत नाही," म्हणाले. मग कवटी पिशवीत ठेवत, "पोरी, मले जाळू नका."

मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी गंमत.

"येथीच ठेवजो मले. बोकडाचं लिहून तुयं येवढं काम झालं, मानसाचं तं जास्तच कामी येईन. तूच सांगत होती ना, कोनी नाल्यात सापडते, कोनी जंगलात. घरच्यायले मालूमच नाही पडत, कधी गेला, कोन्या दिवशी त्याचं श्राद्ध करावं. त्यायले तरी सांगता येईन."

"नाही," मी म्हटलं. फार मोठ्यानं म्हटलं.

"काहून? बोकडाचं चालते, मायं चालत नाही?"

ते अगदी खरं विचारत होते. कायदा, परवानगी, लोक काय म्हणतील, असं पुष्कळ सांगता आलं असतं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सतत पाणी असतं, आणि माझी नजर तिथे गेली. माशी आधी कुठे बसते ते या तालुक्यात माझ्याएवढं कुणाला माहीत नाही.

"तुमचं मला बघवणार नाही, मामाजी," मी म्हटलं आणि हाडांची पिशवी खाली ठेवून रडले. त्या दिवशी धुऱ्यावर रडले होते तशी नाही, आवाज न करता.

मामाजी गोंधळले. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्यापुढे धरला.

"पूस डोळे," म्हणाले. "मंग येवढी शिकली कायले?"